लाल म्हणजे भरलेलं

माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही, व्यसनांची चौकशीसुद्धा केली नाही. त्यांनी विचारलं, "राग येतो का?"

"येतो की," मी म्हणालो. "माणूस आहे."

"उतरायला किती वेळ लागतो?"

असा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. अंदाजाने अर्धा तास सांगून टाकला. त्यांनी मान डोलावली आणि होणाऱ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "वाफ बाहेर पडते. हरकत नाही." एवढ्यावर माझं लग्न पक्कं झालं.

तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामा एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलरवर होते. लॉन्ड्री म्हणजे नाक्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी टेम्पो भरभरून येत, वाफेवर धुतल्या जात, वाफेवरच वाळत आणि कडक होऊन परत जात. ही सगळी वाफ मागच्या शेडमधल्या बॉयलरमधून यायची. बॉयलरच्या कपाळावर जेवणाच्या ताटाएवढी गोल तबकडी, तिच्यावर काळा काटा. खालच्या अंगाला हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, वर लाल. काटा हिरव्यात असला की स्टुलावर बसायचं, पिवळ्यात गेला की उठायचं, लालकडे निघाला की व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडायची. मामांनी उभं आयुष्य एवढंच केलं, पण इतकं मन लावून केलं की लॉन्ड्रीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवेनासं झालं. मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'प्रेशर' म्हणत.

घरी आल्यावरही त्यांची नजर काटा शोधत असे. कुकर लावला की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. सायकलच्या चाकात हवा निम्मीच, त्यामुळे ते सायकल चालवत कमी आणि ढकलत जास्त. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी सगळे फुगे अर्धेच फुगवून घेतले. भिंतीवर मोजे वाळत घातल्यासारखं दिसत होतं. मामी चिडल्या की ते त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघत आणि "पिवळ्यात आहेस" असं सांगत. ते ऐकलं की मामी ताबडतोब लालमध्ये जात.

"या माणसाला भरलेलं काही बघवत नाही," मामी म्हणायच्या. "चहा दिला तरी आधी दोन घोट बशीत ओततो, मग कप उचलतो."

मामांचं म्हणणं साधं होतं. रिकाम्या वस्तूने आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही. जे काही होतं ते भरलेल्यामुळे. थंड बॉयलरने कुणी मेल्याचं ऐकलंय का, असं ते विचारत.

मग लॉन्ड्रीत नवा बॉयलर आला. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला माणूसच लागत नव्हता. दाब आपला आपण मोजायचा, वाफ आपली आपण सोडायचा, आणि कुठे काही खुट्ट झालं की फोनवर घंटी वाजवायचा. घंटी वाजली की फोन ज्याच्याकडे असेल त्याने दहा मिनिटांच्या आत 'पाहिलं' असं लिहिलेलं बटण दाबायचं. नाही दाबलं तर बॉयलर रुसून स्वतःला बंद करून घ्यायचा. मामांचं निवृत्तीचं वय झालंच होतं. पण मॅनेजर पोरगेलासा असला तरी भला होता. तो म्हणाला, "काका, देखरेखीला कुणीतरी लागणारच आहे. एक आठवडा ट्रायल घेऊ. मी अधूनमधून मुद्दाम घंटी वाजवीन, तुम्ही कामावर असा नाहीतर घरी असा. एकही चुकली नाही तर पुढची दोन वर्षं तुम्हीच. चुकली तर माझा नाइलाज आहे. ते सगळं वर हेड ऑफिसला दिसतं."

मामांना ही नोकरी फार हवी होती. घरी बसायच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मामींना तर ती त्यांच्याहून जास्त हवी होती. "दिवसभर घरात?" त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे आपल्या लेकीला विचारलं. "अगं, माझ्या कुकरसमोर स्टूल टाकून बसेल तो माणूस." त्या घरात दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अडचण एवढीच होती की मामांकडे फोन नव्हता, आणि मामींकडेही नव्हता. 'ज्यांना बोलायचंय ते घरी येतात' असं मामींचं म्हणणं. माझं मोबाइलचं दुकान आहे. कव्हरं, काचा, चार्जर आणि किरकोळ दुरुस्ती. त्यामुळे फोन देणं माझ्यावरच आलं. मी त्यांना थोडासा वापरलेला दिला. थोडासा म्हणजे तीन मालक झालेला. सासऱ्याला नवा द्यायला हवा होता असं माझ्या बायकोचं मत आहे, आणि ते ती दर आठवड्याला मांडते.

दुसऱ्याच दिवशी मामा दुकानात हजर. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "जावईबापू, याला काटा नाही."

"कसला काटा, मामा?"

"आत किती भरलंय ते दाखवणारा."

मी त्यांना वरच्या कोपऱ्यातली बॅटरी दाखवली. शेजारी आकडा होता, बहात्तर.

"आकडा मलाही दिसतो," मामा म्हणाले. "बहात्तर. पण चढतोय का उतरतोय? आणि किती घाईत आहे? आकडा गपचूप बदलतो, पाठ फिरली की. काट्याचं तसं नाही. तो हलताना दिसतो. चालीवरून कळतं स्वारी कुठे निघालीय."

मी म्हणालो, बॅटरीचं रूप हवं तसं बदलता येतं. हे मी बोललो नसतो तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण दुकानदाराला 'येत नाही' म्हणायची सवय नसते. मी एक अ‍ॅप उतरवून घेतलं आणि त्यातले प्रकार एकेक करून दाखवायला लागलो.

पहिला प्रकार हृदयाचा. बॅटरी उतरत गेली की हृदयाला तडे जायचे. "हे दवाखान्यात लावा," मामा म्हणाले. मग मांजर आलं. बॅटरी भरलेली असली की ते उड्या मारायचं आणि संपत आली की झोपायचं. मामांनी चष्मा वर करून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "झोपलंय का मेलंय हे कुणी ठरवायचं?" मेणबत्ती त्यांनी उघड्या ज्योतीचं कारण सांगून बाद केली. पाण्याचा ग्लास जरा आवडल्यासारखा वाटला, पण काठोकाठ भरलेला दिसल्याबरोबर त्यांनी हात मागे घेतला. काच बदलून घ्यायला आलेली एक बाई आपलं काम विसरून हे बघत उभी होती. तिने मांजराची बाजू घेतली. मामांनी तिला शांतपणे समजावलं की बाई, मांजराला स्वतःचं डोकं असतं, काट्याला नसतं, म्हणून काट्यावर भरवसा ठेवायचा.

शेवटी मला एक तबकडी सापडली. पांढरी, गोल, काळ्या काट्याची. ती मी मोठी करून पडद्याच्या मधोमध बसवली. मामांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि फुंकर मारून काच पुसली. एखाद्या परक्या गावात ओळखीचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "रंग उलटे लावलेत कुणीतरी."

"उलटे नाहीत, मामा. भरलेली असली की हिरवा, संपत आली की लाल. सगळ्या जगात असंच असतं."

"भरलेलं हिरवं?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला एकदम आपल्या लेकीचं कसं होणार असा प्रश्न पडलेला बाप दिसला. "आणि रिकामं लाल? रिकाम्याला कसली भीती? खाली हिरवा घ्या. मध्ये पिवळा. वर लाल."

गिऱ्हाइकाशी वाद घालू नये आणि सासऱ्याशी तर मुळीच घालू नये. इथे तर एकाच माणसात दोघे बसले होते. अ‍ॅपमध्ये रंग बदलायची सोय होती. मी बदलले. वर मोठेपणाने असंही म्हणालो की बॅटरी पूर्ण भरू दिली नाही तर ती जास्त टिकते, म्हणजे तुमचं अगदीच चूक नाही. तेवढं ऐकून मामा असे उठले की जणू मी त्यांना सर्टिफिकेटच लिहून दिलं.

त्या दिवसापासून घरात दुसरा बॉयलर आला.

मामा फोन निम्म्यापर्यंतच भरू देत. काटा पिवळ्याला शिवला की चार्जरची पिन बाहेर. चार्जिंगसुद्धा गॅलरीत; आजूबाजूला माणूस नको. मामी बिचाऱ्या कामाच्या नादात एखाद्या वेळी फोन लावून विसरत, आणि मग मामा येऊन बघतात तो काटा लालमध्ये. अशा वेळी मामांची धावपळ बघण्यासारखी असे. लगेच टॉर्च चालू करायचे. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवायचे. मोठ्या आवाजात गाणी लावायचे, नाहीतर मला दुकानात फोन लावून उगाच बोलत राहायचे. आणि भर दुपारी, लख्ख उजेडात, पेटता टॉर्च आणि केकाटणारा फोन हातात धरून घरभर येरझाऱ्या घालायचे. शेजाऱ्यांनी विचारलं की सांगायचे, "वाफ सोडतोय." काटा हिरव्याच्या कडेला येऊन टेकला की सगळं बंद करून खुर्चीत बसायचे आणि कपाळावरचा घाम पुसायचे.

मामी हे सगळं रोज बघत होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की मामा बॉयलरपासून सुरुवात करत. त्यांनी आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवलं होतं की हिरवं चांगलं, आणि हिरवं करायचं असेल तर टॉर्च, गाणी आणि बोलणं.

एकदा मध्येच पडद्यावर कसलीशी चौकट उगवली तेव्हा मामांनी मला दुकानात फोन करून विचारलं होतं. ती कुठल्यातरी सेलची जाहिरात होती. मी म्हणालो, "चौकट आली की बाजूला सारायची, मामा. वाचत बसायचं नाही." हा उपदेश त्यांनी घरात सगळ्यांना दिला.

ट्रायलचा आठवडा सुरू झाला. लॉन्ड्री मामांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तरी घरात बसून बॉयलर सांभाळायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार, असं मामा म्हणत, पण करत मात्र मनापासून. मॅनेजर कधी पहाटे घंटी वाजवी, कधी जेवताना. मामा तोंडातला घास तसाच ठेवून बटण दाबत. आंघोळीला जाताना फोन पिशवीत घालून नळाच्या वर टांगत. रात्री छातीवर ठेवून पडत आणि दोन्ही हात त्याच्यावर घेत, त्यामुळे त्यांना झोप कसली ती लागत नसे. रविवार उजाडेपर्यंत एकही घंटी चुकली नव्हती, आणि मामांचे डोळे मात्र शेडमधल्या दिव्यासारखे लाल झाले होते.

तो शेवटचा दिवस. जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसल्या बसल्या पुढे झुकायला लागले. मामींना बघवेना.

"अहो, जरा पडा आत जाऊन," त्या म्हणाल्या. "मी बसते फोन घेऊन. वाजला की उठवते."

मामांनी आयुष्यात कधी बॉयलर दुसऱ्याच्या हवाली केला नव्हता. पण डोळेच मिटत होते. त्यांनी फोन मामींच्या हातात दिला आणि म्हणाले, "काटा हिरव्यात ठेव. हिरव्यात असला की काळजी नाही."

"ठेवते," मामी म्हणाल्या.

त्यानंतर काय झालं ते आम्हाला मामींनीच सांगितलं. मामा घोरायला लागल्यावर त्यांनी चष्मा लावून बघितलं तर काटा पिवळ्यात. नवऱ्याची दोन वर्षं आपल्या हातात, आणि काटा पिवळ्यात. त्यांनी लगेच टॉर्च लावला. उजेड वाढवला. गाणी लावता येईनात, आणि लावली असती तर मामा उठले असते. राहिलं बोलणं. त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला, जी दूर राहते आणि जिच्याशी त्या सणासमारंभापलीकडे कधी मनमोकळं बोलल्या नव्हत्या.

आणि काय आश्चर्य, बोलता बोलता काटा हिरव्यात आला. मामींना हुरूप चढला. हिरव्याच्या नुसत्या कडेला ठेवण्यात काय अर्थ, जरा आत जाऊ दे, म्हणून त्या आणखी बोलल्या. जसजशा बोलत गेल्या तसतसा काटा हिरव्यात खोल खोल जात राहिला. मध्ये दोनदा चौकट आली, ती त्यांनी शिकवल्याप्रमाणे न वाचता बाजूला सारली. अति तिथे माती म्हणतात, पण चांगल्या गोष्टीचं अति होतं हे माणसाला कुठे पटतं?

मी आणि माझी बायको चहाच्या वेळेला पोचलो तेव्हा मामी गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर काळाठिक्कर पडलेला फोन, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिलं आल्याचं समाधान.

"इतका हिरवा केला," त्या हळूच म्हणाल्या, "की शेवटी काटा दिसेनासाच झाला."

मी फोन उचलला. बटण दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. माझं तोंड बघून बायकोने चहाचं भांडं खाली ठेवलं. तेवढ्यात मामा बाहेर आले, डोळे चोळत. "काटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मामा, बॅटरी संपलीय," मी म्हणालो.

मामा तसेच निघाले. बनियनवर, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्यात मामींची. मी फोन मामींच्या मांडीवर ठेवून मागे धावलो, पण त्या वयात तो माणूस एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेडमध्ये पोचलो तेव्हा ते नव्या बॉयलरसमोर उभे होते. यंत्र गप्प होतं. पुढच्या काचेवर लाल अक्षरं लुकलुकत होती: उत्तर मिळालं नाही. मामांनी पत्र्यावर तळहात ठेवला, मग उलटा हात ठेवला.

"थंड व्हायला लागला," ते म्हणाले.

मॅनेजर मोटारसायकलवरून आला. मामांचा अवतार बघून त्याला हसू येणार होतं, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून ते आलं नाही. "काका, तासाभरापूर्वी वाजवली होती," तो म्हणाला. "तुम्ही कधीच चुकवत नाही म्हणून मी पुन्हा वाजवून बघितली. पण ती पहिली वर दिसते. मला पुसता येत नाही." त्याचा आवाज खरोखरच पडला होता. "मी लिहितो त्यांना. काहीतरी सांगतो."

"काही लिहू नका," मामा म्हणाले. "काटा लालमध्ये गेल्यावर मी कधी कुणाची रदबदली ऐकली का? नियम तो नियम." मग त्यांनी कोपऱ्यातलं आपलं जुनं स्टूल उचललं आणि भिंतीला नीट टेकवून ठेवलं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. हसण्यावारी न्यायचा माणूस असा एकदम थकलेला दिसला की कुठे बघावं ते कळत नाही.

परत येताना ते एकच वाक्य बोलले. "हिरव्यात ठेव, असं मीच सांगितलं होतं."

घरी मामी त्याच खुर्चीत होत्या. एव्हाना लेकीने त्यांना सगळं समजावलं होतं: हिरवं म्हणजे रिकामं, लाल म्हणजे भरलेलं, आणि आपण बसल्या बसल्या नवऱ्याची नोकरी रिकामी केली. त्यांचे डोळे सुजले होते. मामा दारात उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता व्हॉल्व्ह उघडणार. मामीसुद्धा त्याचीच वाट बघत असाव्यात, कारण त्यांनी पदर सावरला आणि ताठ बसल्या.

"किती वेळ बोललीस?" मामांनी विचारलं.

"बराच वेळ."

"एवढं काय होतं बोलण्यासारखं?"

याच वेळी माझ्या बायकोचा फोन वाजला. मामींची बहीण होती. बायकोचे हात पिठाचे, तिने कोपराने कसाबसा स्पीकर लावला, आणि मावशींचा खणखणीत आवाज घरभर पसरला.

"अगं, तुझ्या आईचा फोन मध्येच कट झाला, तेव्हापासून लावतेय. लागतच नाही. बरी आहे ना ती? मला काळजी वाटायला लागली. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बरं बोलत होती, म्हटलं हिला ताप तर नाही आला."

"मावशी, नंतर," माझी बायको म्हणाली. पण मावशी नंतर करणाऱ्यातल्या नव्हेत.

"दोन तास कौतुक. मी म्हटलं, तू तर त्यांच्या काट्याला वैतागलेली असायचीस. तर म्हणते, वैतागते गं, पण त्या लॉन्ड्रीत शंभर बायका चादरींच्या घड्या घालत निवांत गप्पा मारायच्या ना, त्या यांच्या जिवावर. हे मागे बसलेत म्हणून पुढे कुणाला मागे वळून बघावं लागलं नाही. म्हणते, मलाही कधी बघावं लागलं नाही. कडक माणूस, पण घरात मला कशाची धास्ती म्हणून वाटली नाही. मग म्हणाली, आणि एक सांगते, हे मी त्यांना कधी बोलले नाही आणि तूही बोलायचं नाहीस. आणि फोन बंद. आता मला सांग, काय सांगणार होती ती? माझं कशात लक्ष लागेना."

माझ्या बायकोने कोपराने फोन बंद केला. मामी खाली फरशीकडे बघत होत्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. मामांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, नेहमीसारखं निरखून, पण कुठल्या पट्ट्यात आहेस ते सांगितलं नाही.

त्यांनी मामींच्या मांडीवरून फोन उचलला आणि माझ्याकडे दिला. "जावईबापू, रंग बदला. जगात असतात तसे. भरलेलं हिरवं, रिकामं लाल."

"मामा, तुम्हाला कळणार नाही मग."

"मला काय करायचंय? फोन आता हिचा. माझ्यासाठी काही वाजायचं राहिलं नाही."

फोन गॅलरीत चार्जरला लावला, जागा झाल्यावर मी रंग उलटे केले. लाल खाली आलं, हिरवं वर गेलं. मामांनी ते निरखून बघितलं. पिवळा पट्टा आला तेव्हा सवयीने त्यांचा हात पिनेकडे गेला. तो त्यांनी मागे घेऊन पाठीशी धरला.

"निम्मा झाला," मामी दारातून म्हणाल्या. "काढा की. नेहमी काढता तसा."

"निम्म्याने काय होतंय? तुझं बोलणं पुन्हा मध्येच तुटायचं," मामा म्हणाले. "पुरता भरू दे. मग लाव बहिणीला, आणि सांग तिला काय राहिलंय ते. मी खाली चक्कर मारून येईन तेवढ्यात."

काटा वर सरकत होता. मामांनी गॅलरीत खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसले, फोन आणि दार यांच्या बरोबर मध्ये.

"तू आत जाऊन बस," ते मामींना म्हणाले. "शंभर झाला की हाक मारतो. तोवर इकडे कुणी यायचं नाही."